एक टर्मिनल राहू द्या

हुबळीजवळच्या तारिहाळमधल्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं नोकरी केली. पंपांचे बिडाचे भाग ओतायचे, घासूनपुसून बाहेरगावच्या डीलरांकडे पाठवायचे, असा तो मध्यम आकाराचा कारखाना. बी.एस्सी. आणि वर एक वर्षाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, एवढ्यावर मी तिथे लागले तेव्हा कॉम्प्युटर विभाग म्हणजे काचेची एक खोली, एक एसी आणि आम्ही दोघंजण होतो. दोन वर्षांत दुसरा बेंगळूरला गेला. सगळे प्रोग्राम त्यानंच लिहिलेले होते. तो गेला आणि त्यानं लिहिलेलं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

ते प्रोग्राम टर्मिनलवर चालायचे. टर्मिनल म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि खाली कीबोर्ड. त्याला स्वतःची अक्कल नसायची. मागून निघालेली वायर भिंतीभिंतीनं माझ्या खोलीतल्या मुख्य मशीनपर्यंत यायची, आणि सगळा विचार ते मशीन करायचं. अशी चौदा टर्मिनलं कारखानाभर होती. खरेदीत, विक्रीत, डिस्पॅचमध्ये, गेटवर आणि स्टोअर्समध्ये. माउस नाही, चित्रं नाहीत. पण बटण दाबलं की उत्तर लगेच समोर. दहा वर्षं ते चाललं. त्या दहा वर्षांत माझं लग्न झालं, मी धारवाडहून हुबळीत केशवापूरला राहायला आले, मुलगी शाळेत जायला लागली. मी मात्र रोज सकाळी त्याच कंपनीच्या बसमधून त्याच खोलीत जात होते.

दोन हजार सालानंतर मालकांचे धाकटे चिरंजीव शिकून परत आले आणि कारभार बघू लागले. त्यांना आम्ही धाकटे साहेब म्हणायचो. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"मेडम, आपले डीलर ऑर्डरचं काय झालं हे विचारायला दिवसभर फोन करतात. त्यांना ते त्यांच्या दुकानात बसून इंटरनेटवर दिसायला पाहिजे. आपल्या ऑफिसातही सगळ्यांना ब्राउझरमध्येच दिसू दे. ही हिरवी अक्षरं आता पुरे."

"सर, सगळे प्रोग्राम नव्यानं लिहावे लागतील. दोन वर्षं जातील."

"नाही लागत," ते म्हणाले. "बेंगळूरची एक कंपनी आहे. जुना प्रोग्राम जसाच्या तसा राहतो. मध्ये एक नवा सर्व्हर ठेवायचा. जुन्या मशीनवरचा प्रत्येक पडदा तो वेब पेज करून दाखवतो."

मी मान हलवली. असलेल्या कामात आणखी एक नवं काम अंगावर आलं, एवढंच तेव्हा मनात आलं.

आठवड्याभरात बेंगळूरहून फॅक्सनं दोन पानं आली. नव्या सर्व्हरला काय काय लागेल याची यादी. प्रोसेसर कुठला, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, डिस्क केवढी, यूपीएस किती वेळ टिकणारा, जुन्या मशीनशी जोडायला नेटवर्क कार्ड कसलं. मेमरीपुढे मात्र आकडा नव्हता, हिशेब होता. मूळ सिस्टिमसाठी एवढी, आणि एका वेळी बसणाऱ्या प्रत्येक माणसामागे एवढी जास्त. खाली लिहिलं होतं: एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं वापरतात, ते ग्राहकानं मोजून कळवावं. कुठल्या बटणांचा वापर होतो तेही कळवावं.

मोजून कळवायचं म्हणजे मीच. दुसरं होतं कोण? वही घेऊन मी आठवडाभर कारखान्यात फिरले. सकाळी दहाला, दुपारी दोनला, चारला. कोण कुठे बसलंय, काय दाबतंय. सकाळी दहाला सगळीच टर्मिनलं भरलेली असायची, कारण त्याच वेळी गाड्या भरायला लागायच्या. त्यात डीलर मिळवले की आकडा दुपटीवर जात होता.

तिसऱ्या दिवशी मी स्टोअर्समध्ये गेले.

स्टोअर्स सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळा कारखाना अण्णा म्हणायचा, थोरले मालकसुद्धा. जुन्या हुबळीचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बारीक. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. घरात कन्नड, पण माझ्याशी बोलताना निम्मं कन्नड, निम्मं मराठी. माझंही तसंच. त्यांच्या शिस्तीला लोक वचकून असत. माल न्यायला आलेल्या माणसानं चिठ्ठी पुढे केली की ते ती हातात घ्यायचेच नाहीत.

"चिठ्ठी नको. तोंडानं सांग. दोनदा सांग."

आणि तो माणूस नंबर दोनदा ओरडून सांगायचा. अण्णांच्या स्टोअर्समध्ये चूक होत नाही, ती या शिस्तीमुळे, असं सगळेच म्हणत. मीही म्हणत असे.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. अण्णा एकटेच टर्मिनलसमोर बसून राहिलेल्या नोंदी घालत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. पडदा काळा होता. पूर्ण काळा. आणि अण्णांची बोटं भराभर चालली होती.

"अण्णा, तुमचं टर्मिनल बंद पडलंय."

"नाही मेडम. चालू आहे की."

तेवढ्यात मशीननं बारीक बीप केलं. नंबर बरोबर असला की आमचा प्रोग्राम बारीक बीप करायचा आणि कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात जायचा. चुकला तर लांब बीप, आणि कर्सर जागेवरच. म्हणजे टर्मिनल खरंच चालू होतं. मी हात पुढे करून पडद्याखालची उजेडाची चकती फिरवली. हिरवी अक्षरं उमटली. सगळ्या नोंदी व्यवस्थित भरलेल्या होत्या. अण्णांनी मात्र झटकन तोंड बाजूला फिरवलं.

"कमी करा, कमी करा. डोळ्यांत सुया टोचतात."

मी उजेड कमी केला. मग त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं.

"समोर बघितलं की मधोमध काही नाही, मेडम," ते म्हणाले. "राखेसारखं. कडेचं तेवढं दिसतं. तुम्ही आला आहात हे कळतं. तोंड दिसत नाही."

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं होतील. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. घरात बायकोला माहीत आहे. इथे कुणाला नाही."

त्यांनी मांडणीवरून एक भाग उचलला. बिडाच्या प्रत्येक भागावर त्याचा नंबर ओततानाच उठून येतो. त्या नंबरावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि सहाही आकडे सांगितले. बरोबर होते. आणखी एक उचलला, तोही सांगितला. मला दाखवून देण्यात त्यांना थोडी मजाही वाटत असावी. इतक्या वर्षांत दाखवायला कुणी मिळालं नव्हतं.

"वह्या होत्या तेव्हाच हे झालं असतं तर मी घरी बसलो असतो," ते म्हणाले. "वही वाचावी लागते. हे मशीन बोलतं. चुकलं तर ओरडतं. याच्या जिवावर राहिलो."

मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नवं काहीतरी येतंय म्हणतात. ते बोलतं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बेंगळूरच्या इंजिनिअरला फोन लावला.

"बीप?" तो म्हणाला. "मॅडम, ब्राउझरमध्ये बीप कशाला? चूक झाली की लाल अक्षरात येईल. छान दिसतं."

"आणि कर्सर आपोआप पुढे जाणं?"

"ते नाही. टॅब दाबायचा, नाहीतर माउसनं क्लिक करायचं. सवय होते हो लोकांना."

"एखाद्याला जुनं टर्मिनलच वापरायचं असेल तर?"

"जुनं मशीन असणारच आहे. त्याची वायर काढू नका, झालं. पण तुमच्या साहेबांनी तर सगळी टर्मिनलं काढायची म्हणून सांगितलंय."

मी सगळी यादी भरली. मेमरीचा आकडा मांडला, बटणं लिहिली. शेवटी एक ओळ वाढवली: स्टोअर्समध्ये धूळ आणि लोखंडाचा कीस फार आहे, तिथे पीसी टिकणार नाही, म्हणून तिथलं एक टर्मिनल राहू द्यावं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त खरं कारण ते नव्हतं.

धाकटे साहेब ओळीवर पेन ठेवून थांबले.

"जुनं डोळ्यासमोर राहिलं की लोक जुनंच वापरतात, मेडम."

"सर, धुळीनं दोन महिन्यांत पीसी जाईल. मग मलाच पळावं लागेल."

आमचं बरंच बोलणं झालं. मी सहसा कुणाशी वाद घालत नसे. त्या दिवशी घातला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, एक राहू दे." मग पान उलटून मेमरीच्या आकड्यावर आले. "आणि हे काय? एवढी मेमरी? निम्म्यात भागवा. सगळे एकदम कुठे बसतात?"

सकाळी दहाला बसतात. मी मोजलं होतं, वहीत लिहिलं होतं, वही माझ्या हातातच होती. मी "सर, दहा वाजता..." एवढं म्हटलं, आणि ते म्हणाले, "बघू. कमी पडली तर घालू." मी गप्प बसले. एका दिवसात साहेबांकडून दोन गोष्टी मान्य करून घेण्याची ताकद माझ्यात नव्हती. एक मिळाली होती, तीच त्यांनी परत घेऊ नये असं वाटत होतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं झालं" म्हणाले. संध्याकाळी मी बसमध्ये चढत असताना त्यांनी कागदात बांधलेली शेवंतीची वेणी माझ्या हातात दिली. सकाळी दुर्गदबैलच्या बाजारात घेतली होती म्हणाले, घरात पूजा होती, एक जास्त झाली.

नवा सर्व्हर एका सोमवारी सुरू झाला. माझ्या खोलीत त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, थोरल्या मालकांनी पहिलं बटण दाबलं. वेब पेज झकास उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा साडेनऊ झाले होते.

दहा वाजता सगळे कामाला बसले. सव्वादहाला पहिला फोन आला. साडेदहापर्यंत मी फोन उचलणं सोडून दिलं. मेमरी भरली की सर्व्हर राहिलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो, लागेल तेव्हा परत आणतो, आणि या ने-आणीतच दमतो. एकेक पान उघडायला मिनिट, दीड मिनिट. वैतागून लोक पुन्हा पुन्हा क्लिक करत होते, त्यानं ओझं आणखी वाढत होतं. डिस्कचा दिवा थांबायला तयार नव्हता. गेटवर भरलेल्या गाड्या कागदांसाठी अडकल्या. बेंगळूरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, यादीत तर दुप्पट लिहिली होती." मी म्हटलं, "हो." साहेबांनी लगेच जादा मेमरी मागवली, पण ती यायला आठवडा लागणार होता.

मंगळवारी दुपारी डिस्पॅचच्या फोरमनच्या लक्षात आलं की सगळ्या कारखान्यात एकच ठिकाण पूर्वीसारखं झटपट चालतंय. ते होतं स्टोअर्समधलं टर्मिनल. ते थेट जुन्या मशीनला जोडलेलं असल्यानं नव्या सर्व्हरशी त्याचा संबंधच नव्हता. बुधवारी सकाळी डिस्पॅचची, विक्रीची, गेटची माणसं आपापल्या नोंदी घेऊन अण्णांकडे आली. ज्या काउंटरशी एका वेळी एक माणूस उभा राहायचा तिथे दहा-बारा जण. मी हे थांबवायला हवं होतं. पण गाड्या सुटत होत्या, फोन थांबले होते, आणि मला जरा श्वास घ्यायला मिळाला होता.

फोरमन माणूस वाईट नव्हता. गाडीवाला त्याच्या डोक्यावर बसला होता, म्हणून घाईत होता. काउंटरवरून वाकून तो म्हणाला, "अण्णा, पडद्याचा उजेड वाढवा की. माझी नोंद बरोबर पडली का बघू दे."

"पडदा बिघडलाय."

"बिघडलाय? मग तुम्ही कसं बघताय?" आणि त्यानं हात घालून चकती फिरवली. हिरवी अक्षरं लखलखीत उमटली. "चांगला आहे की! कुठला गाडी नंबर घातला तुम्ही? वाचा बघू."

अण्णांनी गाडी नंबर सांगितला. ज्या गाडीची नोंद ते घालत होते तिचा नंबर त्यांना पाठ होता. पण पुढचं दिसावं म्हणून वाकताना फोरमनच्या हातानं बटण दाबलं गेलं होतं, आणि पडद्यावर मागची, दुसऱ्याच गाडीची नोंद आली होती.

"हा नव्हे हो. इथे काय आहे ते वाचा."

अण्णांनी मान तिरकी करून कडेनं बघायचा प्रयत्न केला. उजेडानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोरमननं पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात, कारण त्याच्याही लक्षात येत चाललं होतं. मी दारात उभी होते. "थांबा, मी बघते," एवढं म्हणून पुढे जाणं अवघड नव्हतं. मी गेले नाही. अण्णाच शेवटी म्हणाले, "दिसत नाही मला."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते चिडलेले नव्हते, त्यामुळे जास्त अवघड गेलं. त्यांच्यासमोर माझी ती यादी होती.

"मेडम, एक टर्मिनल राहू द्या म्हणून तुम्ही माझ्याशी अर्धा तास भांडलात. धुळीसाठी. तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

विचार करून खोटं बोलावं तसं ते नव्हतं. शब्द तोंडातून निघूनच गेला. शेजारी अण्णा उभे होते. माझ्याकडे बघताना ते नेहमी करत तसं तोंड थोडं बाजूला वळवून उभे राहिले.

"मेडमना काय माहीत असणार," ते म्हणाले. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

साहेबांनी मान हलवली. मग अण्णांना म्हणाले, "अण्णा, स्टोअर्समध्ये वरून क्रेन फिरते. दोन-दोन मणांचे भाग मांडणीवर असतात. उद्या तुमच्या नाहीतर दुसऱ्याच्या अंगावर काही पडलं तर?"

हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मी त्यांच्या बोटांचाच विचार करत बसले होते.

कंपनीनं त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आधीचंच सांगितलं. मग त्यांना गेटजवळच्या हजेरीच्या खोलीत बसवलं. पगार तोच, काम काहीच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखून ते नमस्कार करायचे. मी गेटमधून जाताना लोकांच्या घोळक्यातून जाऊ लागले. चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी चहा आणि जिलेबी होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मेमरी त्या आधीच येऊन बसली होती. झाकण उघडून दोन पट्ट्या बसवल्या, अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर पानं भराभर उघडू लागली. डीलरांचे फोन खरंच कमी झाले. ती व्यवस्था पुढे सात वर्षं चालली आणि साहेबांनी चार माणसांत माझं कौतुकही केलं. स्टोअर्सच्या टर्मिनलची वायर मीच काढली. तिथे चांगल्या नजरेचा, हुशार माणूस आला. तो चिठ्ठ्या वाचून घ्यायचा, लाल अक्षरं बघायचा, तरी मोजणीला माल जुळेना. सगळ्यांनी नव्या सिस्टिमला नावं ठेवली. मी ऐकून घेतलं.

राजीनाम्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, एका रविवारी मी जुन्या हुबळीतलं त्यांचं घर विचारत गेले. नेमकं त्यांच्या गल्लीत आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. दारात, ओसरीवर, न्हाणीत सगळीकडे घागरी आणि बादल्या. त्यांच्या पत्नी आत-बाहेर करत होत्या. अण्णा नळीचं तोंड धरून पिंपाशी बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"या या. कुंद्री." बसा म्हणाले खरे, पण बसायला कोरडी जागा नव्हती.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी केबिनमध्ये मी खोटं बोलले."

"होय की."

"तुम्हाला राग आला असेल."

"आला होता," ते म्हणाले. "महिनाभर होता. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, बाईमाणूस, तिचीपण नोकरी आहे. मला ते पटलं नाही. तुम्ही हो म्हटलं असतं तर माझी नोकरी राहिली नसतीच. पण मी एकटा पडलो नसतो."

पिंप काठोकाठ भरलं. त्यांनी नळीचं तोंड बाहेर काढलं.

"आता ती घागर सरकवा इकडे," ते म्हणाले. "पाणी तासभरच असतं."

मी पदर खोचला आणि घागर सरकवली. मग दुसरी. सगळी भांडी भरेपर्यंत मी त्यांच्या पत्नीबरोबर घागरी आत नेत होते. नंतर चहा झाला. पाण्याचं, रस्त्याचं, त्यांच्या मुलाच्या बदलीचं बोलणं झालं. कारखान्याचं नाव कुणी काढलं नाही. निघताना त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली.

त्यानंतर मी तीन-चार वेळा गेले. मग मुलीची दहावी आली, सासूबाईंचं आजारपण आलं, जाणं लांबत गेलं. पुढे ते मुलाकडे बेळगावला राहायला गेले असं कुणीतरी बसमध्ये सांगितलं. पत्ता विचारून घ्यायचं मी ठरवलं होतं. सांगणारा तारिहाळच्या आधीच्या स्टॉपवर उतरून गेला.